मानसिंगचे कान

मानसिंगचे दोन्ही कान मोडलेले होते आणि त्याचा त्याला गर्व होता. आमच्या शिराळ्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. तालमीच्या मातीत रोज डोकं घासून, समोरच्याच्या काखेत मान अडकून कानाची पाळी सुजते, आत रक्त साकळतं आणि मग ती कायमची भज्यासारखी वेडीवाकडी होऊन बसते. असा कान दिसला की परक्या गावातही लोक पैलवानाला बसायला घोंगडं टाकतात. मानसिंगनं अठराव्या वर्षी दोन्ही कान मिळवले होते.

मी त्याच गावचा शाळामास्तर. मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, आणि खरं सांगायचं तर पैलवान मला कधी आवडले नाहीत. पण या पैलवानाला मी चौथीपासून इंग्रजी सहावीपर्यंत शिकवलं. मोठं झाल्यावर भूमितीही पुन्हा शिकवली. तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत तो विमानदळात भरती झाला. आसामातल्या एका विमानतळावर विमानांच्या चाकांखाली लाकडी ठोकळे लावायचे, पेट्रोल भरायचं आणि काचा पुसायच्या, हे त्याचं काम. एकदा एका पायलटनं त्याला रिकाम्या विमानात शेजारी बसवून डोंगरावरून फिरवून आणलं. सेहेचाळीस साली मानसिंग गावी परतला तो पायलट व्हायचं ठरवूनच. नुसतं हौसेनं उडायचं नव्हतं. उतारू आणि माल नेणाऱ्या कंपनीत, पगारावर.

त्याचे वडील हंबीरराव जुन्या पलटणीतले हवालदार. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "उसाला पानी कोन पाजायचं? ढगातनं सोडनार हाईस व्हय?"

"आबा, आमी जानार," मानसिंग म्हणाला. एवढंच. त्या घरात याहून लांब भांडण मी कधी ऐकलं नाही.

लढाईच्या चार वर्षांत साठवलेलं सगळं घेऊन तो मुंबईजवळच्या एका फ्लाइंग क्लबात गेला. तिथं पहिल्याच आठवड्यात त्याची पैलवानी उतरली. विमानाची दांडी त्यानं अशी आवळून धरली की दोन पंखांची ती टायगर मॉथ हवेत लंगडायला लागली. शिकवणारा पुढच्या सीटवरून ओरडला, "अरे, दांडी आहे ती, कुणाची गर्दन नाही! दोन बोटांनी धर!" दोन बोटांनी धरायला त्याला दोन महिने लागले. पायलट व्हायला ताकद लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं. लागतं ते डोकं. वारा कुठून येतो, किती ढकलतो, पेट्रोल कुठवर पुरेल, हे नकाशावर पट्टी ठेवून काढावं लागतं. सुट्टीत तो माझ्या ओसरीवर कोनमापक घेऊन बसायचा आणि मी त्याच्यावर खेकसायचो. शिवाय उडण्यापेक्षा थांबणंच जास्त. आज धुकं, उद्या विमान नादुरुस्त, परवा आपला नंबर पाचवा. हे सगळं त्यानं निभावलं. हौशी पायलटचा परवाना मिळवला, मग व्यापारी परवान्यासाठी लागणारे उड्डाणाचे तास भरत आणले.

चूक झाली ती इथंच, आणि ती अस्सल आमच्याकडची चूक होती. व्यापारी परवान्याला मोठ्या मेडिकल बोर्डाचा दाखला लागतो. शहाणा माणूस तो आधी काढतो आणि मग तासांवर पैसे घालतो. मी त्याला हे दोनदा म्हटलं. त्यानं दंड दाखवला. "मास्तर, पैलवानाला डाक्टर काय बघनार? हितनं तितवर कुनी माज्या पाठीला माती लावली न्हाई." हौशी परवान्याला साध्या डॉक्टरची चिठ्ठी पुरली होती. टायगर मॉथमध्ये शिकवणाऱ्याचं बोलणं ऐकायची नळी तो टोपीखालून हातानं कानात खोचून घ्यायचा, त्यामुळे क्लबातही कुणाला काही खटकलं नव्हतं. सगळे पैसे संपले, तास भरले आणि मग हा गडी बोर्डापुढे उभा राहिला.

बोर्डाच्या डॉक्टरनं डोळे, छाती, नाडी तपासली. मग मोठ्या विमानात रेडिओ ऐकायला लावतात तो हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला. तो त्या भज्यांवर बसेचना. इकडून दाबला की तिकडून निसटे. डॉक्टर म्हणाला, "इंजिनाच्या आवाजात तुला काय ऐकू येणार?" आणि त्यानं कागदावर अपात्र असं लिहिलं. खाली एक ओळ जोडली: कान शस्त्रक्रियेनं सरळ करून सहा महिन्यांत पुन्हा यावं, नाहीतर अर्ज रद्द. कानाच्या आत बघायची तसदी त्यानं घेतली नाही.

मिरजेच्या एका डॉक्टरांनी ती घेतली. त्यांनी दिवा लावून दोन्ही पडदे पाहिले, वीस फुटांवरून कुजबुजून ऐकवलं आणि म्हणाले, ऐकणं उत्तम आहे. वरचा फुगवटा कापायचा म्हटलं तर कापता येईल, आठ दिवसांचं काम. हे ऐकल्यावर सगळं गाव त्याच्या मागे लागलं. त्याची आई चंद्राबाई म्हणाली, "काप की रं लेकरा, मासाचा गोळाच त्यो." हंबीररावांनीही मान डोलावली. मीही म्हणालो, आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो, "एवढ्यासाठी चार वर्षांची कमाई आणि दोन वर्षांची मेहनत पाण्यात घालणार आहेस का?"

"मास्तर, ह्या कानांनी मला ऐकू येतंय का न्हाई?"

"येतंय."

"मग कापायचं कुनासाठी? विमानासाठी का त्या सायबाच्या डोळ्यासाठी?"

मी छत्री उचलली आणि तरातरा घरी निघून आलो.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा मिरजेला गेला, पण दवाखान्यात नाही. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत इमामसो म्हणून एक म्हातारे कारागीर होते, आवाज कशात कसा घुमतो हे जाणणारे; लढाईतला मोडीत निघालेला एक हेडफोन घेऊन तो त्यांच्या दुकानी गेला. इमामसोंनी सगळं ऐकून घेतलं. मग एक तंबोरा पुढ्यात ओढला, मानसिंगला पाठ करून बसवलं आणि तार छेडत हळूहळू खुंटी पिळली. "बिघडली की हात वर कर." मानसिंगचा हात वर गेला तेव्हा इमामसोंना स्वतःला ती जेमतेम बिघडल्यासारखी वाटत होती. म्हातारा खूश झाला. त्यानं तो जुना हेडफोन हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाला, "कानावर बशिवतायच कशाला? कानाच्या भवती बशिवू."

कोपऱ्यात सतारीचे वाळलेले भोपळे पडले होते. त्यातले दोन लहान निवडून इमामसोंनी त्यांच्या वाट्या कापल्या. तळाशी हेडफोनच्या चकत्या बसवल्या, काठाला घोंगड्याची लोकर भरून वर मऊ चामडं शिवलं. मोडलेला अख्खा कान आत आरामात मावला आणि बाहेरचा रस्ता गप्प झाला. चार दिवस आणि तीन चुकलेले भोपळे, एवढ्यात काम झालं. पैशाचं विचारल्यावर म्हातारा म्हणाला, विमानात बसशील तवा बोलू.

अर्ज मी लिहिला. इंग्रजीत लिहिला आणि सांभाळून लिहिला नाही. मिरजेच्या डॉक्टरांचा दाखला जोडला आणि मागणी केली की उमेदवाराची रेडिओवर प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी, न घेता नाकारू नये. बोर्डानं बोलावलं. सहा महिने संपायला अकरा दिवस बाकी होते. नापास झाला तर दुसरी संधी नव्हती. पास झाला तरी नोकरी मिळेल याचा भरवसा नव्हताच. लढाईनंतर पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवलेल्या विमान कंपन्या एकेक करून बंद पडत होत्या. परवाना म्हणजे नोकरी नव्हे, हेही पायलट व्हायला निघणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं. मानसिंगला ते माहीत होतं. तो म्हणाला, "नोकरी न्हाई मिळाली तर बगू. पन माजं ‘न्हाई’ मीच म्हननार. दुसऱ्यानं म्हनायचं न्हाई."

मी सोबत गेलो. डॉक्टर तोच. भोपळे बघून तो हसला, कारकूनही हसला. पण अर्ज झाला होता, परीक्षा घेणं भाग होतं. मानसिंगला शेजारच्या खोलीत बसवलं, दार लावलं, इंजिनाचा आवाज यावा म्हणून तिथं एक मोठा पंखा घरघरत ठेवला. त्याला कागद-पेन्सिल देऊन सांगितलं, ऐकू येईल ते सगळं लिही. डॉक्टर अलीकडच्या खोलीत भोपळ्यांची वायर जोडलेला माइक घेऊन बसला. मी त्याच्या दाराबाहेर बाकावर, सात-आठ पावलांवर.

डॉक्टरनं बारा आकडे वाचले. आधी मोठ्यानं, मग बारीक, शेवटचे अगदी पुटपुटून. मग माइक टेबलावर ठेवून तो कारकुनाकडे वाकला आणि काहीतरी बोलला. ओठ हललेले मला दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. माइकचं बटण बंद करायचं राहिलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

दार उघडलं. मानसिंग बाहेर आला तो डोक्यावर भोपळे तसेच ठेवून, वायर मागे लोंबत. त्यानं कागद डॉक्टरपुढे ठेवला. डॉक्टरनं पेन्सिलीनं एकेक आकडा ताडून पाहिला. बाराही बरोबर होते. मग त्याची पेन्सिल थांबली आणि त्याचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला.

आकड्यांच्या खाली आणखी एक ओळ होती, इंग्रजीत; मराठीत सांगायची तर: "सगळे बरोबर आले तरी नापासच लिही, असला खेडवळ पैलवान विमानात शोभणार नाही."

"सायेब, ऐकू यील ते समदं लिवायला सांगितलं व्हतं," मानसिंग म्हणाला. "एकांदा शब्द चुकला असंल तर परत बसतो."

कारकुनानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. डॉक्टरनं कागद दोनदा वाचला. घरघर करणारा पंखा बंद करायला कुणी उठलं नाही. मग त्यानं दाखल्याचा फॉर्म ओढला, पात्र असं लिहून खाली सही केली आणि मान वर न करता तो पुढे सरकवला.

मानसिंगनं दाखला घेतला. मी तो दुसरा कागद मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. शेवटच्या ओळीतलं अक्षर वळणदार आहे. ते मी शिकवलं होतं.