पाहुण्यासमोर किडकी डाळ

"मावशी, मशीन चांगली डाळच बाहेर फेकून राह्यली!" शेठ माझ्यावरच ओरडले, जशी मशीन मीच आणली होती.

रिसोडच्या या डाळ मिलमध्ये तुरीची डाळ हातानं निवडणाऱ्या आम्ही आठ बाया. मी सगळ्यांत जुनी. कॅमेऱ्याची सॉर्टर मशीन आली तेव्हाच शेठनं सांगून टाकलं होतं, "मशीन नीट चालली की सोमवारपासून तुमी येऊ नका." तेव्हा ती बिघडल्याचं मला फार दुःख झालं, असं काही मी म्हणणार नाही.

मशीनचं काम तसं सोपं. डाळ धारेनं खाली पडते, कॅमेरा दाणा न् दाणा पाहतो. डागी दिसला की नळीतून हवेची फुंकर, दाणा बाजूला. त्याला रिजेक्ट म्हणतात. चांगलाच दाणा उडाला तर फॉल्स रिजेक्ट. आम्ही त्याला नुकसान म्हणतो.

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं लाइट बदलला, काच पुसली, सेटिंग तीनदा केलं. तरी रिजेक्टच्या पोत्यात सोन्यासारखी डाळ.

मी विचारलं, "साहेब, खराब कोणती हे हिले कोणं शिकवलं?"

"चांगल्याचं आणि खराबचं सॅम्पल दाखवावं लागतं. दोन्ही शेठनीच दिली."

खराबचं सॅम्पल मी तळहातावर घेतलं. डाग नाही, कीड नाही. चांगलीच डाळ, जराशी फिकी.

"शेठ, हे खराब हाय?"

"मंग काय, पुण्याच्या पाव्हण्यासमोर किडकी डाळ मांडू? मिलची इज्जत हाय का नाही?"

"मंग मशीनले कायले बोलता? तुमी सांगतलं तेच करून राह्यली बिचारी!"

इंजिनिअर मान खाली घालून हसला. म्हणाला, "मला खरं खराब हवंय. डागी, किडकं, साल राहिलेलं, वेगवेगळं निवडून. आणि दुसऱ्या भागातली तूर आली की पुन्हा नवं."

"देऊ ना," मी म्हटलं. "पण आमी घरी बसलो तर पुढच्या खेपेले कोण निवडून देणार? शेठ?"

शेठ बोटांवर पगाराचा हिशेब करू लागले.

संध्याकाळपर्यंत मशीन सुतासारखी सरळ झाली. आठपैकी पाच जणी कामावर राहिलो. तिघी घरी बसल्या; ते काही कुठल्या सेटिंगनं बदललं नाही.

एवढं मात्र कळलं, मशीनला डोळे विकत मिळतात. आपल्या घरातही किडकं निघतं, हे कबूल करायला माणूस लागतो. ते शेठला जमेपर्यंत आम्हा पाच जणींची नोकरी पक्की. म्हणजे जन्मभराचीच समजा.