आईने थांबवलेली गोळी

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, हे माझं अजून नक्की ठरलेलं नाही. म्हणून आधीच क्षमा मागतो. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. यात काही चुकलं असेल तर ते माझं. बरोबर असेल ते डॉक्टर मॅडमनी मला दोनदा समजावून सांगितलेलं आहे. आमच्यासारख्या एखाद्या घराला उपयोग होईल, एवढ्याच आशेवर लिहितो.

मॅडमनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवून ठेवला आणि म्हणाल्या, "तुला जी-सिक्स-पीडी डेफिशियन्सी आहे." म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं एक एन्झाइम माझ्यात फार कमी आहे. एरवी काहीच जाणवत नाही. मी पोहतो, सुपारीवर चढतो. पण काही ठरावीक औषधं पोटात गेली की त्या पेशी भराभर फुटतात. याला हिमोलिसिस म्हणतात.

"हे जन्मापासून असतं," मॅडम म्हणाल्या, "आणि मुलाकडे ते आईकडून येतं."

आई शेजारच्या खुर्चीत होती. मला स्वतःपेक्षा तिच्यासाठीच जास्त भीती वाटली. का, ते सांगायला तीन महिने मागे जावं लागेल.

आम्ही चौलजवळ राहतो. वडील दुसऱ्यांच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत काम करतात. भात पोटरीत आलं होतं, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या, तेव्हा मला थंडीताप आला. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. त्यातला व्हायवॅक्स प्रकार, जो यकृतात लपून राहतो आणि पुन्हा उलटतो. त्यासाठी प्रायमाक्विन नावाची गोळी चौदा दिवस घ्यायची होती. ताप गेला तरी सोडायची नाही, असं बजावलं होतं.

चौथ्या दिवशी मला कोऱ्या चहासारखी लघवी झाली. उष्णता असेल म्हणून मी गप्प बसलो. पण विहिरीपर्यंत चालताना दोनदा टेकावं लागलं. आईने मला दारात उजेडाला उभं केलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली; आत पिवळं होतं. मग कोनाड्यातली गोळ्यांची पट्टी उचलून पदराला बांधली.

"ऊठ. दवाखान्यात."

"आई, कोर्स पुरा करायचा असतो." शिकलेला मी होतो ना.

"तुझा कोर्स ऱ्हाऊ दे. ऊठ म्हनते ना!"

तालुक्याच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन पाच निघालं. मला दोन पिशव्या रक्त चढवलं. आईने पदराची गाठ सोडून पट्टी मॅडमच्या हातावर ठेवली.

"ही कोणी थांबवली?"

"मी," आई म्हणाली. गुन्हा कबूल करावा तशी.

"फार बरं केलंत. आणखी दोन दिवस चालली असती तर किडनीवर आलं असतं."

आई उठली. बाहेर जाऊन जमिनीवर बसली.

तेव्हा केलेली एन्झाइमची टेस्ट नॉर्मल आली. मॅडम म्हणाल्या, यावर विश्वास ठेवायचा नाही. कमजोर पेशी आधीच फुटलेल्या असतात, उरलेल्या नव्या, त्यांत एन्झाइम जास्त. शिवाय अंगात दुसऱ्याचं रक्त. तीन महिन्यांनी परत या. हे वाचणाऱ्या कुणाला असाच नॉर्मल पहिला रिपोर्ट मिळाला, तर टेस्ट पुन्हा कधी करायची एवढं नक्की विचारा.

वॉर्डात आत्या शहाळं घेऊन आली. "काय रे, कॉलेजात जाऊन रक्त आटलं व्हय तुझं?" मला हसवलं आणि मग आईकडे वळून म्हणाली, "वहिनी, तुमच्या म्हायेरची पोरंच अशी. तुमचा संजू न्हाय का असाच गेला."

संजू म्हणजे माझा मामा. तो काविळीने गेला एवढंच मला माहीत होतं. घरी आल्यावर आईने बाकीचं सांगितलं.

मामा सोळा वर्षांचा होता, आई तेरा. त्यालाही मलेरिया झाला होता आणि गोळ्या दिल्या होत्या. घरात वाचता येणारी आई एकटीच, म्हणून गोळ्या तिच्या ताब्यात. तो म्हणायचा, "नको गं, अंग पिवळं पडतंय." ती रागवायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची. आजोबांनी काविळीची माळ आणून त्याच्या गळ्यात घातली. आईने गोळी चुकू दिली नाही. चुकवायची नाही असं सांगितलं होतं ना. आठव्या दिवशी मामा गेला.

"माझ्या हातानं गेला," आई म्हणाली. इतकी वर्षं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून तीन महिन्यांनी तो रिपोर्ट समोर आला, तेव्हा मी घाबरलो. आत्याचं बोलणं खरं ठरत होतं आणि आईची शंकाही.

तिनेच विचारलं, "मॅडम, माझ्या भावाला पन ह्येच व्हतं का?"

"बहुधा."

"म्हंजे गोळीनंच गेला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "गोळी वाईट नाही, तिने कितीतरी लोक बरे केलेत. तुम्हीही चुकला नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीने सांगितलेलं सगळं केलं. देण्याआधी रक्त तपासायला आणि दिल्यावर बघायला कुणी आलं नाही, ते चुकलं."

"तपासलं असतं तर?"

"तर आज ते पांढरे केस घेऊन इथे तुमच्याशेजारी बसले असते."

आई तिथे रडली. मी तिला रडताना फार कमी वेळा पाहिलंय.

घरी येऊन तिने मुंबईच्या मावशीला फोन लावला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. मावशीच्या नीलेशलाही हेच आहे. तो जन्मला मोठ्या रुग्णालयात, तिथेच तपासणी झाली. पुढे त्यालाही मलेरिया झाला, पण डॉक्टरांनी फाइल पाहून औषध देण्याची पद्धत बदलली. आठवडाभर घरी झोपला आणि कामावर गेला. लोक नावं ठेवतील म्हणून मावशीने आम्हाला सांगितलं नव्हतं.

वर्गात आम्ही शिकतो की जीन्स आईवडिलांकडून येतात. कुणाचा जीन कुणाकडे जातो ते दाखवणारे चौकोन मी परीक्षेत बरोबर काढले होते. पण मामा, मी आणि नीलेश यांच्यात जीन एकच, आजारही एकच. एक गेला, एक मरता मरता वाचला, एकाला काही झालं नाही. फरक कुठे जन्मलो, कुणी पाहिलं, कुणी लपवलं, यात होता. रक्तालाच दोष देणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय. आणि औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. लघवी काळी झाली की धावत जाऊन विचारा.

मला अभिमान आईचा वाटतो. ती आता माहेरच्या गावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंबरोबर घरोघर जाते, आमच्या नात्यातल्या बायकांना मुलांची तपासणी करायला सांगते. आत्या चिडली. "वहिनी, पोरांची लग्नं मोडाल अशानं."

"मोडू देत," आई म्हणाली. "पोरं तर ऱ्हातील."

त्याच आत्याने गेल्या आठवड्यात आपल्या सुनेला, तपासणी कुठे होते ते आईला विचारून घ्यायला पाठवलं.

माझी ताई दिघीला असते. गेल्या महिन्यात तिला मुलगा झाला. आईने आधीच सांगून ठेवल्यामुळे बाळाचं रक्त तपासणीला गेलं. रिपोर्टची आम्ही नऊ दिवस वाट पाहिली. आई जेवायची, पण चव सांगता येत नव्हती तिला.

काल ताईचा फोन आला. बाळात एन्झाइम कमी आहे. नीलेश सोडला तर आमच्यात हे पहिल्यांदाच आजाराच्या आधी कळलं.

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "डॉक्टरांनी लिवून दिलंय का?"

"दिलंय. कुठली औषधं द्यायची न्हाईत, सगळी यादी."

"बाळ दूध पितंय न्हवं?"

"पितंय. पन रडतं लई."

"रडू दे," आई म्हणाली. "जोर हाय म्हनून रडतंय."