आपोआप बसणारे पाहुणे

पुण्याच्या एका शास्त्रज्ञानं मला, जुन्नरजवळच्या डिंगोरे गावच्या कोळसा भट्टीवाल्याला, फसवलं. सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत तो भट्टीपाशी आला. त्याला कार्बनचे केसाहून बारीक तंतू बनवायचे होते, पण लोखंडी नळीत घालून भाजताना आत हवा शिरून त्यांची राख व्हायची.

"भाऊ, एक रेणू यजमान, दुसरा पाहुणा. पाहुणा यजमानाच्या पोटात शिरतो, मग अशा जोड्या आपोआप रांगेत बसतात आणि तंतू होतो. तो भाजला की कार्बन."

"आपोआप? आमच्याकडं पावण्याला पाट मांडावा लागतो, राव."

मी त्याच्या नळीची झाकणं शेणमातीनं लिंपली, धूर जायला सुईएवढं भोक ठेवलं. तंतू काळेभोर, अखंड निघाले. शास्त्रज्ञ गडी पँटीत असूनही कासोटा आवरल्यागत नाचला.

वर्षभरानं जुन्नरच्या कॉलेजात त्याचं भाषण झालं, मीही ऐकायला गेलो. तंतू आपोआप कसे जुळतात हे त्यानं तासभर सांगितलं. लिंपणाबद्दल चकार शब्द काढला नाही. मी उठून उभा राहिलो, तसा तो चष्मा पुसायला लागला.

"रेणू बसले असतील आपोआप, सायेब. पण राख व्हायची थांबली ती कुणामुळं, ते इथंच, या सगळ्यांसमोर सांगा."