सीलवाल्या वहिनी

"गरमी कुठून येते, ते सांगा आधी."

हिंगणघाटला हायवेच्या अंगाला गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. त्यातल्या एका अरुंद दुकानात तुम्ही ऑईल सील मागायला गेला असतात, तर पहिलं वाक्य हेच ऐकू आलं असतं. नमस्कार नाही, या-बसा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "वहिनी, ट्रॅक्टरचं सील द्या," आणि वहिनी विचारायच्या, गरमी कुठून येते? बाहेरून, सायलेन्सरची? का आतून, घासण्याची? का तेल संपलं तरी तुम्ही गाडी दामटत राहता? गिऱ्हाईक गोंधळून जायचं. गाडी कुठे गळते एवढंच त्याला ठाऊक असायचं.

सील म्हणजे रबराचं कडं. इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती घट्ट बसतं, आतलं तेल बाहेर येऊ देत नाही आणि बाहेरची हवा आत जाऊ देत नाही. वहिनी भिंतीवरच्या माळेतून एक सील काढायच्या आणि अंगठ्याचं नख त्याच्या कडेत रुतवायच्या. नख काढल्यावर वळ भरून सपाट झाला, तर म्हणायच्या, "जितं आहे." वळ तसाच राहिला, तर "मेलं" म्हणून पायाशी ठेवलेल्या डब्यात फेकायच्या. नवाकोरा माल असला तरी फेकायच्या. त्यांच्या दुकानात डबा कायम भरलेला असायचा आणि माल आणून देणारे त्यांच्या नखाला वचकून असायचे.

माझं इंजिनकामाचं गॅरेज त्यांच्या भिंतीला भिंत लावून. वयानं त्या माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, तरी मीही वहिनीच म्हणायचो. सगळा बाजारच म्हणायचा. नवरा गेल्यावर त्या दुकानात बसल्या, तेव्हा त्यांना वहिनी म्हणणारं माणूस एकच होतं, त्यांचा धाकटा दीर मंगेश. सासू-सासरे आधीच गेलेले, स्वतःचं मूलबाळ नाही, म्हणून दिराला त्यांनीच वाढवलं. तो दिवसभर हाका मारायचा, आम्ही ती हाक उचलली.

आता त्यांच्या कढईचं सांगतो. एकदा दुपारी भिंतीपलीकडून चर्र आवाज आला. मला सपाटून भूक लागली होती. मी डोकावलो. वहिनी शेगडीपुढे बसून झारा हलवत होत्या.

"काय तळून राह्यल्या, वहिनी?"

"सील. खाता का?"

कढईत इंजिन ऑईल होतं आणि त्यात चार-सहा सीलं पोहत होती. गरमी झेलणारं रबर कोणतं हे कंपनीच्या कागदावरून त्यांना पटत नसे. त्या तळून बघायच्या. काळं साधं सील लवकर कडक व्हायचं, झाऱ्यावर आपटलं की टणकन वाजायचं. तपकिरी सील, ज्याला आम्ही विटॉन म्हणतो, ते मऊच राहायचं. झाऱ्यातून काढून, निवू देऊन, नख. हसू नका, आम्हीही खूप हसलो. एका नव्या गिऱ्हाइकानं तर भज्यांचीच चौकशी केली होती. पण त्यांचं सील बसवलेलं इंजिन उन्हाळ्यात माझ्याकडे परत आल्याचं मला आठवत नाही.

मंगेश माझ्याच हाताखाली शिकला आणि हात असा बसला त्याचा, की इंजिनाच्या आवाजावरून दुखणं सांगायचा. इथवर सगळं ठीक होतं. मग एके दिवशी तो टेम्पोत घालून एक रेसची क्वाड घेऊन आला. फटफटीचं हँडल, चार जाडजूड चाकं, टू-स्ट्रोक इंजिन. चालू केली तेव्हा बाजारातली कुत्री गल्लीत पळाली. पुण्याकडच्या कुणीतरी वापरून सोडलेली होती, पण त्याच्या चेहऱ्यावर नवरी घरी आणल्याचा आनंद होता.

वहिनींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. इंजिनावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"गरमी कुठून येते हिची?"

"सगळीकडून, वहिनी," मंगेश हसत म्हणाला.

मग मी गॅरेजवाल्याच्या उत्साहात त्यांना समजावून सांगायला गेलो. टू-स्ट्रोकचं क्रँकचं, म्हणजे त्या फिरत्या दांड्याचं, सील कडक झालं, की इंजिन तिथून हवा ओढतं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं, की इंजिन भट्टीसारखं तापतं. पिस्टन जाम होतो, मागची चाकं धावता धावता जागच्या जागी थांबतात आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. वहिनी सगळं ऐकत होत्या. शेवटचं वाक्य ऐकताना त्यांनी पदराला हात पुसले, हात कोरडे असताना.

"तुम्ही त्याला नाही म्हणा ना," मी नंतर म्हटलं.

"कशी म्हणू, भाऊ? मी काई त्याची माय नाई, वहिनी आहो. मायनं नाई म्हटलं त पोरगं रुसते अन् मंग जेवाले येते. वहिनीनं नाई म्हटलं त लोक म्हणतीन, दिराले दाबून ठेवते."

त्यांचं खरंच होतं. आपल्याकडे वहिनीनं वाढवलेल्या पोरावर वहिनीचा लळा चालतो, हुकूम चालत नाही. मग जे 'नाही' त्यांना तोंडानं म्हणता आलं नाही, ते सगळं त्यांनी त्या दोन सीलांत ओतली. क्रँकच्या डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. नागपूरहून माल मागवला, हैदराबादकडून मागवला. कढई रोज चढू लागली.

आणि पहिल्यांदा चुकल्याही तिथेच. लाल सिलिकॉनचं एक सील कढईतून काढलं, तर जसं टाकलं तसंच बाहेर आलं. विटॉनपेक्षाही मऊ, नखाचा वळ क्षणात गायब. वहिनी इतक्या खूश झाल्या, की शेजारच्या दुकानांत चहा पाठवला. मी म्हटलं होतं की हे रबर मी क्रँकवर कधी पाहिलं नाही. "तुमी पाह्यलं नाई म्हणून काय झालं?" असं म्हणून त्यांनी ते मंगेशच्या हातावर ठेवलं. गावाबाहेरच्या मैदानात सराव करताना गाडी जाम झाली. वेग कमी होता म्हणून तो नुसताच धुळीत लोळला आणि हसत हसत गाडी ओढत घरी आला. इंजिन उघडलं तर सील भिजवलेल्या वाटाण्यासारखं फुगलं होतं. सिलिकॉनला आगीचं काही वाटत नाही, पण पेट्रोल सोसत नाही. आणि टू-स्ट्रोकचं सील तर सदा पेट्रोलात न्हालेलं.

"म्या आगच पाह्यली, भाऊ," त्या म्हणाल्या. "पेट्रोल पाह्यलंच नाई."

तेव्हापासून फळीवर एक लोणच्याची बरणी आली. तिच्यात पेट्रोल-ऑईलचं मिश्रण आणि बुडवलेली सीलं. आधी बरणीत मुरवायची, मग कढईत तळायची, मग नख. मंगेश बरणीकडे बघून म्हणायचा, "वहिनी, याले मीठ कमी पडलं." त्या हसायच्या, पण बरणीचं झाकण दोनदा तपासायच्या. अखेर विटॉनची एक जोडी त्यांच्या मनास आली. मी ती बसवताना त्या माझ्या शेजारी उकिडव्या बसून होत्या, आणि सील जागेवर जाताना टक् असा जो बारीक आवाज होतो, तो ऐकल्यावरच उठल्या.

उन्हाळ्यात वडनेरजवळच्या पडीत रानात मातीचा ट्रॅक आखला होता. वहिनी रेस बघायला कधीच आल्या नाहीत. दुकानात फोन मांडीवर घेऊन बसायच्या. मला बजावून ठेवलेलं असायचं, "दर फेरी झाली का हात लावून पाहजा."

त्या दिवशी पहिल्या फेरीनंतर त्यांचा फोन आला. "गरम आहे का?"

"वहिनी, इथं बसायची खुर्चीसुद्धा गरम आहे."

"मस्करी नका करू, भाऊ."

मी हात लावला. इंजिन जेवढं तापायला हवं तेवढंच तापलं होतं. तसं सांगितलं. पुढच्या फेरीत, वळणावर, शेजारच्या गाडीचं चाक मंगेशच्या चाकावर चढलं. त्याची गाडी उलटली आणि तो खाली, गाडी वर. मी धावत गेलो. गाडी बाजूला केली तेव्हा तिचं इंजिन चालूच होतं. स्वच्छ, एका लयीत. मला आजही तो आवाज नको वाटतो.

मंगेश वाचला. कमरेखाली त्याला काही कळेनासं झालं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी पाठीच्या मणक्याचं सगळं नीट समजावून सांगितलं आणि वहिनींनी ते मान हलवत ऐकलं. हिंगणघाटला कपडे न्यायला आल्या, तेव्हा घरी न जाता आधी माझ्या गॅरेजात आल्या.

"इंजिन उघडा."

"वहिनी, चाकावर चाक चढलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. इंजिनाचा काही संबंध नाही."

"उघडा तुमी."

मी उघडलं. दोन्ही सीलं काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी नख रुतवलं. वळ लगेच भरून आला. दुसऱ्याचाही भरला. "जितं आहे" त्या म्हणाल्या नाहीत. दुकान उघडून शेगडी पेटवली, कढई चढवली, तेल ओतलं आणि दोन्ही सीलं आत सोडली. बाहेर काढून पुन्हा नख लावलं. सीलं तशीच. पुन्हा टाकली आणि आच वाढवली. तेल काळं पडलं, धूर दाटला, डोळे चुरचुरायला लागले, मी शेगडी बंद करायला हात पुढे केला तर त्यांनी तो ढकलला.

"हे जळत काऊन नाई, भाऊ?" त्या म्हणाल्या. "जळत काऊन नाई हे?"

सील जळालं असतं तर बरं झालं असतं हो. म्हणजे काहीतरी चुकलेलं सापडलं असतं, त्यांना स्वतःला बोल लावता आला असता, पुढच्या वेळी दुसरं रबर निवडता आलं असतं. मी गॅरेजवाला माणूस. बिघाड सापडला की मला धीर येतो. त्या दिवशी आम्ही दोघं धुरात उभे होतो आणि बिघाड कुठेच नव्हता.

त्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. वहिनी वर्ध्याजवळ नालवाडीला खोली घेऊन राहतात, मंगेशच्या व्यायामाला दवाखाना जवळ पडतो म्हणून. कुणी गिऱ्हाईक अजून चुकून विचारतं, "वहिनी कुठं गेल्या?" मी नुसता वर्ध्याच्या दिशेनं हात करतो.

परवा जाऊन आलो. मंगेश खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसला होता आणि माझ्याकडच्या एका गाडीचा कार्बोरेटर कसा बसवायचा ते मला सांगत होता. माझंच काम मला शिकवायची त्याची सवय गेलेली नाही. वहिनी पायथ्याशी बसून त्याच्या तळपायांना तेल चोळत होत्या. चोळता चोळता त्या थांबल्या आणि अंगठ्याचं नख त्याच्या टाचेत रुतवलं. चांगलं खोल. मंगेश बोलतच होता. नख काढल्यावर तिथला पांढरा वळ हळूहळू भरून आला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जितं आहे, भाऊ."

मंगेश बोलता बोलता थांबला. "काय जितं आहे, वहिनी?"

त्यांनी त्याच्या पायांवर चादर ओढली.

"काई नाई," त्या म्हणाल्या. "तू बोल."