रिकाम्या खुर्चीचं गाणं आणि डुलणारे डच

माझा धाकटा भाऊ विल्सन दुबईच्या एका हॉटेलात गातो. मला, मोठ्या बहिणीला, तो 'बाय' म्हणतो. जानेवारीत त्याचा फोन आला, "बाय, ये. शनिवारी डच लोकांचा ब्रंच आहे. त्यांना आवडलं तर काँट्रॅक्ट वाढेल, नाहीतर खलास. पोरीला, रियाला, शाळेतून काढून वसईला परत." मी जाऊन डच लोकांना काय फरक पडणार होता, देव जाणे. पण व्हिसा निघाला, सुके बोंबील बांधले आणि मी निघाले.

विल्सन शारजाला अल मजाजमध्ये राहतो. खाली खाडीकाठ फिरायला झकास. वर घर एवढं, की स्वयंपाकघरात वळायचं तर आधी बाहेर यावं लागतं. तिथे त्याचा सराव चालू होता. डच शब्द मोबाइलवर देवनागरीत लिहिलेले. भाषा अशी, की घशात काटा अडकलाय आणि माणूस तरीही गातोय.

"अर्थ काय रे?"

"म्हातारा बारमध्ये बसलाय. समोर मेलेल्या बायकोची खुर्ची."

"आणि दुसरं?"

"त्यात आई मेली."

म्हणे जुन्या ॲम्स्टरडॅमच्या कामगारवस्तीत, गुत्त्यांमधून ही गाणी वाढली, अकॉर्डियनवर. लोक त्यांना 'जगण्याची गाणी' म्हणतात. जगतं कोणीच नाही.

शनिवारी रियाला घेऊन शारजाहून बसने दुबई. बारा दिरहम, म्हणजे तीनशे रुपयांच्या आसपास, ट्रॅफिक फुकट. हॉटेलात सगळे केशरी कपड्यांत, डचांचा तो राष्ट्रीय रंग म्हणे. एका गृहस्थांचा वाढदिवस होता, पण लोक त्यांच्या बायकोचं, मेहुणीचं, शेजाऱ्याचंही अभिनंदन करत होते. माझंही केलं. मी थँक्यू म्हटलं आणि एक तळलेला गोळा तोंडात टाकला. आत उकळता मटणरस्सा. तुम्ही आधी फोडून, फुंकून खा.

मग विल्सन उभा राहिला. आमच्याकडे मयताच्या घरी गातात तसा: हात जोडून, डोळे मिटून, संथ. कीबोर्डवाल्यालाही त्याने ताल बंद करायला लावला. हॉल चिडीचूप. मला वाटलं, जिंकला. मॅनेजर दारातून मान हलवत होता, आडवी.

एक थोराड डच आजी उठून त्याच्याकडे गेल्या. "कोण गेलं?"

"मॅडम, त्याची बायको. गाण्यातली."

"ती तर माझ्या लहानपणापासून मेलेलीच आहे!" आजी खो खो हसल्या आणि त्याच्या दंडात हात अडकवला. "जोरात. आणि डुलायचं."

विल्सनने घाबरत ताल सुरू करायला सांगितला. सगळा हॉल दंडात दंड घालून डावीकडे, उजवीकडे, रिकाम्या खुर्चीबद्दल बोंबलू लागला. मी रियाला विचारलं, "हे आनंदात आहेत की दुःखात?"

"आंटी, इट्स बोथ. जस्ट स्वे."

आजी हसत डुलत होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटी मॅनेजर विल्सनला म्हणाला, "एक वर्ष वाढवतो, हबीबी. पण ते पहिल्यासारखं पुन्हा नको." आजी थेट माझ्याकडे आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "भावाबद्दल अभिनंदन." या वेळी मी थँक्यू म्हटलं आणि त्यांचंही अभिनंदन केलं.

डच लोक मला कळले, असं मी म्हणणार नाही. वसईला परतले आणि त्याच आठवड्यात बाबांना जाऊन वर्ष झालं, त्याची प्रार्थना आली. घरात सगळे संथ सुरात गात होते, आणि मी कधी डुलायला लागले, मला कळलंच नाही. चक्कर येतेय की काय, म्हणून काकूने घाईने माझ्या दंडात हात अडकवला.

मग दोघी डुललो.