चार कार्डं आणि तेराशेचा मीटर

इंडोनेशियातल्या मलांग शहरात, एका गल्लीत पाक विग्न्योने चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. मग टीव्ही इतके स्वस्त झाले की बिघडला की लोक सरळ नवाच आणू लागले, आणि विग्न्योच्या दुकानात चार वर्षं कुणी फिरकलं नाही. तरी हा गडी रोज सकाळी शटर वर करायचा, टेबल पुसायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा. तिकडे बाप्यांना पाक आणि बायकांना बू म्हणतात, नवरा-बायकोही एकमेकांना तसंच. बायको लास्त्री म्हणायची, "पाक, टेबल झिजेल आता."

मध्यंतरी कॉम्प्युटरवर बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी कमावणाऱ्यांचं दिवाळं वाजलं आणि कोंबोरानच्या जुन्या बाजारात ग्राफिक्स कार्डं वांग्यांसारखी ढिगाने आली. विग्न्योने सहा मेलेली कार्डं उचलली, त्यांतली चार जिवंत केली. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला कॉम्प्युटरचा बोर्ड मिळाला. सांगाडा हवा होता, तर लास्त्रीचं भांडी निथळायचं स्टँड त्याने तिला न विचारता पळवलं. त्यात चारही कार्डं ताटांसारखी ऐटीत उभी राहिली. लास्त्रीच्या तोंडाचा पट्टा दोन दिवस चालू होता.

दूरच्या एका विद्यापीठात डेंगीच्या औषधाचं अवाढव्य गणित चाललं होतं. त्याचे तुकडे करून ते जगभरच्या घरांतल्या कॉम्प्युटरांना वाटत. विग्न्योने नाव नोंदवलं आणि शुक्रवारी पहिला तुकडा आला. सोबत मुदत: रविवार, दुपारी चार. उशीर झाला तर काम दुसऱ्याला जाणार.

ती मुदत वाचून विग्न्योचे डोळे भरून आले. चार वर्षांनी कुणीतरी त्याला तारीख सांगून काम दिलं होतं. आणि दिलेला वायदा त्याने जन्मात चुकवला नव्हता.

शनिवारी सकाळी नेमकी लास्त्रीची ऑर्डर होती. शेजारच्या बू रुक्मिनीकडे घरभरणीचं जेवण, त्यासाठी दोनशे वाफवलेले केक. तिने मिक्सर लावला आणि खटॅक! मीटरचा खटका पडला. घराला वीज तेराशे वॅटचीच. त्याहून जास्त ओढली की सगळं ठप्प.

"पाक! तुमचं ते भूत बंद करा!"

"बू, काम आहे गं. उद्या चारला द्यायचंय."

"मलाही द्यायचंय, आजच बाराला. माझं गिऱ्हाईक भिंतीपलीकडे बसलंय, तुमचं कुठे आहे देव जाणे!"

वायदा तिचाही होता. विग्न्योने यंत्र बंद केलं आणि तोंड एवढंसं करून साच्यांत कागद लावायला बसला. साठ-सत्तर कागद झाल्यावर लास्त्रीलाच राहवेना.

"त्याला जरा हळू चालवता येत नाही का हो? हा मिक्सर तीनवर टाकला तर पीठ भिंतीवर उडतं. मी एकवरच फेटते. केक होतातच की."

विग्न्यो ताडकन उठला. चाळीस वर्षांचा कारागीर आणि एवढं सुचू नये! त्याने चारही कार्डांच्या विजेला निम्म्याहून थोडी वर मर्यादा घातली आणि बटण दाबलं. मिक्सर फिरत होता, खटका जागचा हलला नाही. गणित थांबलं होतं तिथून पुढे सरकू लागलं. गंमत म्हणजे वेग थोडासाच उतरला. बाकीची वीज नुसती खोली तापवण्यातच जात होती.

बारा वाजता केक गेले. रविवारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुकडा परत गेला. विग्न्यो पडद्यासमोरून उठला नाही. थोड्या वेळाने नवा तुकडा आला, आधीच्याहून मोठा, मुदत बुधवारची.

"बू! अगं बू, इकडे ये!"

लास्त्री इस्त्री हातात घेऊनच आली. "काय झालं? पैसे दिले?"

"पैसे नसतात गं यात."

"मग एवढा आनंद कसला?"

"गिऱ्हाईक परत आलं," विग्न्यो म्हणाला.

लास्त्रीने इस्त्रीची वायर गुंडाळली.

"बुधवारपर्यंत चुरगळलेलाच शर्ट घाला," ती म्हणाली.