अस्खलित मराठी

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात मी बरीच वर्षं रविवारची मराठी शाळा चालवते. आठवड्याचे पाच दिवस एका मोटार कंपनीत सीटबेल्ट तपासते आणि रविवारी मुलांची क्रियापदं. माझ्या अगदी पहिल्या वर्गातली एक मुलगी कॉलेजात गेली आणि तिने सरकारच्या गुप्तहेर खात्यात उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी अर्ज केला. ही गोष्ट कुणाजवळ बोलायची नसते. तिच्या आईने ती मला 'फक्त तुला म्हणून' सांगितली. दिवाळीच्या कार्यक्रमात कळलं, की जेवणाच्या रांगेतल्या बहुतेक सगळ्या जणींना ती अशीच फक्त त्यांना म्हणून कळलेली होती.

जानेवारीत मला एका चौकशी अधिकारी बाईंचा फोन आला. मुलीने अर्जात माझं नाव दिलं होतं आणि त्यांना घरी येऊन बोलायचं होतं. मी रजा टाकली, पोहे केले आणि कुणी मागितलेले नसताना माझा आणि नवऱ्याचा असे दोन्ही पासपोर्ट टेबलावर काढून ठेवले. बाईंनी ओळखपत्र दाखवलं, पोह्यांना आणि पासपोर्टना सारख्याच नम्रपणे नको म्हटलं आणि वही उघडली.

मुलगी विश्वासू आहे का, दारूबिरू पिते का, कुणाच्या दबावाला बळी पडेल का, सगळ्याची उत्तरं मी भराभर दिली. मग त्यांनी विचारलं, की आपण अस्खलित मराठी बोलतो असं तिने लिहिलंय आणि मराठी तुम्ही शिकवलीत म्हणते, तर हे खरं का?

मला तिची वही आठवली. 'माझी आई' या निबंधाची सुरुवात तिने 'माझा आई खूप चांगला आहे' अशी केली होती. खोटं बोलावं तर समोर सरकार, खरं बोलावं तर शिकवणारी मीच.

"समजतं तिला सगळं," मी सांगितलं. "बोलताना मात्र बायकांचे पुरुष होतात."

"दोन माणसं भरभर बोलत असतील, तर कळेल?"

"ती दोघं तिचे आईवडील असतील आणि भांडत असतील, तर एक शब्द सुटणार नाही."

बाई पहिल्यांदाच हसल्या. आणि ते वाक्यही त्यांनी लिहून घेतलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, पोरीचं नुकसान केलंस. मला ते लागलं. पुढचे दोन आठवडे मी इंडियन ग्रोसरीत तिची आई दिसली की डाळींच्या मागे वळत होते. शेवटी एका शनिवारी ती मुलगी स्वतःच दारात उभी राहिली. मी लगेच कबूल केलं, की मी खरं सांगितलंय.

"किती खरं?" तिने विचारलं.

"सगळं."

ती जरा वेळ बुटांवरचा बर्फ झटकत राहिली. मग म्हणाली, "इट्स ओके, काकू. पण आता माझा फोनवर टेस्ट आहे. तू मला प्रॅक्टिस देशील?"

महिनाभर रोज संध्याकाळी ती आमच्याकडे यायची. धडे वाचून तिला काही येईना. मग मी आणि नवऱ्याने तिच्यासमोर खोटं खोटं भांडायचं ठरवलं, तिने ऐकून काय झालं ते सांगायचं. विषय निवडला घरातल्या हीटरचा. पाचव्या मिनिटाला भांडण खरं झालं आणि माझ्या सासूपर्यंत पोहोचलं. मुलीने मान खाली घालून सगळं टिपलं आणि शेवटी आम्हाला वाचून दाखवलं. एकही तपशील चुकला नव्हता. आम्ही दोघंही चहा करायला उठलो.

टेस्टमध्ये ती पास झाली. किती मार्कांनी, ते तिलाही कळवलं नाही. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिला खरोखर बोलावणं आलं आणि ती गेली. ऑगस्टमध्ये परत आली तेव्हा पेढे घेऊन भेटायला आली. नवऱ्याने तिला हरतऱ्हेने विचारून पाहिलं: मराठी लागली का, बसतेस कुठे, साहेब कसे आहेत. ती नुसती हसत होती. तो इतका हिरमुसला, की शेवटी तिलाच त्याची दया आली.

"काका," ती म्हणाली, "पार्किंग खूप लांब आहे. एवढं मी सांगू शकते."

तो आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होता. फक्त त्यांना म्हणून.